डुप्लिकेट कोणाला म्हणता राव?

परवा एका लग्नात ओळखीचे एक गृहस्थ जवळ आले, हुंगलं आणि म्हणाले, "वा! क्रीडचा अ‍ॅव्हेंटस का?" मी म्हटलं, नाही हो, अरमाफचा क्लब द नुई. चेहरा असा पडला, जणू मी कोणाचं पाकीट मारलंय. "म्हणजे डुप्लिकेट!"

थांबा जरा. वास तोच, नाक तेच, आणि अर्ध्या मिनिटापूर्वीचं "वा" पण तुमचंच. मग बिघडलं काय?

स्टेशनबाहेर क्रीडचंच नाव छापलेल्या खोक्यात पाचशेला मिळतं ते डुप्लिकेट. ती फसवणूक. आत काय ओतलंय देव जाणे, अंगाला लावूच नका. पण दुबईची स्टर्लिंग परफ्युम्स अरमाफ या आपल्याच नावाने उघड विकते, त्यात खोटं काय?

"पण वास तर चोरला ना?" हा वाद कोर्टातही गेलाय. जून 2006 मध्ये फ्रान्सच्या वरिष्ठ न्यायालयाने सांगितलं, परफ्यूमच्या वासाला कॉपीराइट नाही. तीनच दिवसांनी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात नेमकं उलट सांगितलं. तिथे न्यायाधीशांचं एकमत नाही, आणि तुम्ही मांडवात उभ्या उभ्या निकाल देऊन मोकळे!

दोन्ही अगदी सारखे आहेत असंही नाही, खोटं कशाला बोलू. अ‍ॅव्हेंटस (2010) लावला की पिकल्या अननसाचा रसदार वास येतो. क्लब द नुई इंटेन्स मॅन (2015) पहिली दहा मिनिटं लिंबासारखा डोक्यात जातो. आमची ही तेवढा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहते. पुढे मात्र तो धुरकट, लाकडी वास उरतो आणि तिथे भलेभले फसतात. किमतीत आठ-दहापट फरक. पहिल्या दहा मिनिटांसाठी कोणाला तेवढे मोजायचे असतील तर खुशाल मोजा, पैसा तुमचा.

2023 मध्ये गुचीवाल्या केरिंगने 3.5 अब्ज युरो देऊन क्रीड विकत घेतली. ते काय अननसाचे दिले? नावाचे दिले. वसूल बाटलीतूनच होणार.

माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. आमच्या गल्लीतल्या पोराला पहिली नोकरी लागली, पगार 18 हजार. ऑफिसात "स्वस्तातला मारून आलाय" म्हणून हसले, तर पठ्ठ्याने हप्त्यावर ब्रँडेड बाटली उचलली. त्याची आई मला विचारते, "भाऊजी, एवढं काय असतं हो त्यात?"

हसणाऱ्यांनीच जाऊन सांगा तिला.