नव्व्याण्णव टक्क्यांचं समाधान

भारताची अर्थव्यवस्था धक्के पचवायला शिकली आहे, असं हल्ली प्रत्येक अर्थविषयक पॉडकास्टमध्ये ऐकू येतं. २००८ पचवलं, कोविड पचवला, बँकांची थकीत कर्जं कमी झाली. सगळं मान्य. पण पचवलं कुणी, हे कुणी विचारत नाही.

२०२० हे एकच वर्ष घ्या. ५ मार्चला येस बँकेवर निर्बंध आले, खात्यातून ५० हजारांपेक्षा जास्त काढता येईनात. देशभर गहजब झाला. स्टेट बँकेने आणि इतर बँकांनी भांडवल ओतलं आणि १८ मार्चला निर्बंध उठले. तेरा दिवस. त्याच वर्षी डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. तिच्यावरचे निर्बंध नोव्हेंबर २०१७पासूनचे होते. म्हणजे तीन वर्षं लोक स्वतःच्याच पैशांची वाट बघत बसले आणि शेवटी बँकच गेली. तीन वर्षांत मुलीचं लग्न थांबत नाही, हृदयाचं ऑपरेशन तर नाहीच नाही.

परवाना रद्द करताना सांगितलं गेलं की ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल. आकडा खोटा नाही, पण तो ठेवीदारांचा आहे, रुपयांचा नाही. पाचशे रुपये पडून असलेलं खातं त्यात एक, आणि निवृत्तीचे चाळीस लाख ठेवलेलं खातंही एकच. विमा माणशी पाच लाखांचा (फेब्रुवारी २०२०पर्यंत तर फक्त एक लाखाचा होता). अशा कुठल्याही बँकेत पाच लाखांच्या वर कोण असतं? पुंजी एका जागी ठेवणारा निवृत्त शिक्षक असतो. आणि पतसंस्था असतात, ज्यांनी गावाचे पैसे गोळा करून तिथे ठेवलेले असतात. त्यांनी कोटभर ठेवले असले तरी विमा पाचच लाखांचा.

साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आणि सांगलीची १९१६ सालची सांगली बँक गेल्याची हळहळ आमच्याकडे अजून निघते. मला ती पटत नाही. युनायटेड वेस्टर्नवर २ सप्टेंबर २००६ला निर्बंध आले आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. सांगली बँक २००७मध्ये आयसीआयसीआयने घेतली. पाट्या बदलल्या, ठेवी वाचल्या. सौदा वाईट नव्हता. त्यांना गिऱ्हाईक मिळालं, कारण मोठ्या बँकांना तयार शाखा हव्या होत्या. बुडत्या सहकारी बँकेला गिऱ्हाईक कुठून येणार?

आता नेहमीचं उत्तर येईल: संचालकांनी खाल्लं, म्हणून बुडाली. खाणारे असतातच. पण एकही पैसा न खाता चालवलेली छोटी बँकसुद्धा इथे कच्चीच राहते. ठेवीदार ऊसवाला, कर्जदार ऊसवाला, मोठा कर्जदार कारखाना, आणि संचालक त्या दोघांचाही पाहुणा. उसाचं बिल थकलं की कर्जाचा हप्ता थांबतो आणि त्याच आठवड्यात लोक ठेवी काढायला येतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली, तेव्हा दुकान आणि शेत एकत्रच पाण्यात गेलं. मी सॉफ्टवेअर लिहितो. एक सर्व्हर पडला की सगळं बंद पडेल अशी रचना आमच्याकडे कुणी आणली, तर त्याला मीटिंगमध्येच झापतात. इथे तिला ‘आपल्या माणसांची बँक’ म्हणतात.

मोठी बँक दारात उभी करत नव्हती, तेव्हा सहकारानेच कर्ज दिलं, हे खरं आहे. म्हणून तर राग येतो. त्या उपकाराच्या नावावर आजही गावोगाव पतसंस्था राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा टक्का-दोन टक्के जास्त व्याज देऊन ठेवी घेतात, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण अजिबात नाही. पाच लाख सोडा, पाच रुपयांचंही नाही. तो जास्तीचा टक्का म्हणजे या धोक्याची मजुरी आहे, हे काउंटरवर कुणी सांगत नाही. पिग्मी गोळा करणाऱ्याला तर ते माहीतही नसतं.

विमा पतसंस्थांपर्यंत न्या, हप्ता संस्थेकडून घ्या, आणि तोवर ‘या ठेवीला विमा नाही’ हे पावतीवर ठळक छापा. येस बँकेसाठी तेरा दिवसांत जागं होणाऱ्या सरकारला हे अवघड नाही.

आपल्यापुरतं काम सोपं आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत पतसंस्थांच्या वार्षिक सभा होतात. घरी छापील अहवाल येतो आणि आई त्यावर भाजी निवडते. त्यात गुंतवणुकीचं एक पान असतं. संस्थेचे पैसे कुठल्या बँकेत किती आहेत, ते तिथे पाहा. सगळे एकाच बँकेत असतील, तर सभेत उठून विचारा. चहा-वड्याच्या आधी विचारा. नंतर कुणी थांबत नाही.