वाटेवरचें शहर

आपल्या सुशिक्षित वर्गाच्या कर्तव्यांत अलीकडे एका नव्या कर्तव्याची भर पडली आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशीं असते. म्हाताऱ्या आईबापांना तिकडे न्यावयाचें असतें. विमान वाटेंत कोठें तरी बदलावें लागतें. आणि दोन विमानांच्या मध्यें जे आठ-दहा तास मिळतात ते ‘वायां जाऊं नयेत’ म्हणून तेवढ्या अवधींत तें वाटेवरचें शहर ‘करून घ्यावयाचें’ असतें. या नव्या कर्तव्याविरुद्ध मला येथें कांहीं लिहावयाचें आहे. त्याच्या अगदीं उलट टोकाला दुसरें एक मत आहे. तें असें कीं, म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढण्याच्या भानगडींत पडूंच नये. त्यांना चाकाच्या खुर्चींत बसवावें, पुढच्या विमानाच्या दाराशीं नेऊन ठेवावें, आणि विमान सुटेपर्यंत आपण निश्चिंत व्हावें. पहिल्या मताचे लोक उत्साही आहेत, दुसऱ्याचे सावध आहेत. ज्यांच्याविषयीं हा वाद चालला आहे त्यांना मात्र दोघेही विचारीत नाहींत.

उदाहरण सिंगापूरचें घेतों, कारण त्या वाटेनें मी दोनदां गेलों आहें. पहिल्यानें २०१४ सालीं वडिलांना घेऊन आणि दुसऱ्यानें गेल्या वर्षीं आईला घेऊन. दोन्ही वेळां मेलबर्नला धाकट्या बहिणीकडे. मोह पडावा असेंच हें शहर आहे. विमानतळापासून तें वीसएक किलोमीटरांवर. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा व पुढचें तिकीट जवळ असलेल्या भारतीयास, नेमलेल्या अटी पाळल्यास, शहान्नव तासांपर्यंत निराळ्या व्हिसावांचून तेथें उतरतां येतें. साडेपांच तासांहून अधिक आणि चोवीस तासांहून कमी अवधि असणाऱ्यांसाठीं विमानतळाकडून अडीच तासांची फुकट सहलही असते. फुकट म्हटल्यावर आपल्या वर्गाचा विवेक किती टिकतो हें मीं सांगावयास नको.

रात्रीं मुंबई सोडली म्हणजे सकाळीं साडेसातच्या सुमारास तेथें पोंचतां येतें आणि पुढचें विमान रात्रीं आठला असतें. कागदावर हे बारा तास भरतात. परंतु उतरणें, तपासणी व हातांतलें सामान ठेवणें यांत दीड तास जातो. परत तीन तास आधीं यावें लागतें. येण्याजाण्यांत एक तास मोडतो. उरलेल्या साडेसहा तासांतून जेवण, औषधें आणि वारंवार लागणारें प्रसाधनगृह यांचे दोन तास वजा करा. आणि ज्याला घड्याळ सकाळचे साडेसात म्हणतें त्याला म्हाताऱ्या माणसाचें शरीर पहाटेचे पांच म्हणत असतें, तेंही रात्रभर बसल्या जागीं डुलक्या काढून सुजलेल्या पायांनीं. सहलीचा बेत आंखणारे तरुण हा हिशेब कधींच मांडीत नाहींत. २०१४ सालीं मीं तरी कोठें मांडला होता?

त्या वेळीं अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मीं सात स्थळांची यादी केली होती. चौथें स्थळ ‘मर्लायन’. अर्धा सिंह व अर्धा मासा असा हा प्राणी कोणत्याही पुराणांत नाहीं. १९६४ सालीं तेथील पर्यटन मंडळासाठीं तो बोधचिन्ह म्हणून काढण्यांत आला आणि १९७२ सालीं त्याचा साडेआठ मीटरांहून उंच पुतळा झाला. म्हणजे विषुववृत्तापासून जेमतेम सवा अंशावर असलेल्या त्या शहरांत भर दुपारीं एक वाजतां मीं वडिलांना उन्हांत उभें केलें, तें एक व्यापारी छाप दाखविण्यासाठीं! अण्णांनीं दिवसभर पाणी घेतलें नाहीं. मीं दोनदां बाटली पुढें केली, ते ‘नको’ म्हणाले. मला तें बरेंच वाटलें, कारण यादींतलीं तीन स्थळें अजून राहिलीं होतीं. संध्याकाळीं विमानतळावर त्यांना भोंवळ आली तेव्हां कारण कळलें. त्यांना पौरुषग्रंथीचा विकार होता. दर तासाला लघवीची जागा विचारून मुलाचा खोळंबा करणें त्यांच्या जिवावर आलें, म्हणून त्यांनीं पाणीच सोडलें होतें. २०१७ सालीं अण्णा गेले. मर्लायनपुढचें त्यांचें छायाचित्र आमच्या दिवाणखान्यांत आहे. त्यांत ते हंसत आहेत. येणारेजाणारे तें पाहून मला म्हणतात, ‘वडिलांना तुम्हीं जग दाखविलेंत.’

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळतों. अण्णांची ही हकीकत ऐकून तो पक्ष म्हणेल, ‘म्हणूनच खुर्ची मागवावी.’ चाकाची खुर्ची हें चालतां न येणाऱ्याचें साधन आहे, आणि त्याला तें मिळालेंच पाहिजे. परंतु रोज सकाळीं टेकडी चढून येणाऱ्या बापासाठींही आपण ती मागवितों. कारण त्याला इंग्रजी येत नाहीं, किंवा रांग टळते, किंवा मुलांना घोर राहत नाहीं. एकदां खुर्चींत बसविलें कीं माणूस दुसऱ्याच्या हवालीं होतो. त्याला अशाच दहा खुर्च्यांच्या रांगेंत नेऊन ठेवतात. पाय मोकळे करावयाचे झाले तरी कोणाची तरी वाट पाहावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्यें मुंबईच्या विमानतळावर ऐंशी वर्षांच्या एका प्रवाशाच्या पत्नीस खुर्ची मिळाली, त्यांना मिळाली नाहीं. ते तिच्याबरोबर चालत निघाले आणि वाटेंत कोसळून वारले. खुर्च्यांना मागणी फार होती, असें विमान कंपनीनें सांगितलें. सरकारी नियामकानें तिला तीस लाख रुपये दंड केला, तो योग्यच केला. पण विमानतळावर रोज जी मागणी असते तींत धडधाकट आईबापांसाठीं सोयीखातर केलेली आपली मागणी किती, हें खुर्ची लिहून देणाऱ्या प्रत्येक मुलानें आपल्या मनाला विचारावें.

दोन्ही पक्षांना श्रावणबाळाचें नांव फार प्रिय आहे. मला वाटतें, त्यांनीं ती गोष्ट नीट वाचलेली नाहीं. कावड श्रावणाच्या खांद्यावर होती खरी, पण यात्रा आईबापांची होती; ती त्यांनीं मागितली होती. आणि श्रावण वाटेंत थांबला तो कांहीं स्थळ पाहण्यासाठीं नव्हे, आईबापांना तहान लागली म्हणून. वारीचेंही तेंच. पालखी दुपारीं जेथें टेकते त्या जागेला आपण ‘विसावा’ म्हणतों. दोन मजलांच्या मधल्या वेळेसाठीं इतका अचूक शब्द आपल्या भाषेंत असतां आपण इंग्रजी शब्द घेतला आणि त्याबरोबर विश्रांतीही घालवून बसलों.

गेल्या वर्षीं निघण्यापूर्वीं मीं आईला विचारलें, ‘आई, सिंगापुरांत दिवसभर थांबावें लागेल. तुला कांहीं पाहायचं आहे का?’ आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे. वाईला माध्यमिक शाळेंत तिनें एकतीस वर्षें भूगोल शिकविला. ती म्हणाली, ‘तिथं ती रबराची बाग अजून आहे का रे?’

मी इंग्रजी साहित्याचा पदवीधर; मला रबराची बाग ठाऊक नव्हती. तिनें मला ती पोळ्या लाटतां लाटतां समजावून सांगितली. १८७७ सालीं लंडनच्या क्यू उद्यानांतून रबराचीं बावीस रोपें सिंगापूरच्या वनस्पति-उद्यानांत आलीं. पुढें १८८८ मध्यें तेथें आलेल्या रिडले नांवाच्या संचालकानें, झाड न मारतां त्याच्या सालींतून पुन्हां पुन्हां चीक कसा काढावा याची रीत बसविली, आणि मळे घाला म्हणून तो कॉफीवाल्यांच्या मागें लागला. मलायाचें सारें रबर तेथून पसरलें. हा धडा तिनें एकतीस वेळां शिकविला होता.

बाग अजून आहे. १८५९ मध्यें ती स्थापन झाली, २०१५ सालीं तिला जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि पहाटे पांचपासून मध्यरात्रीपर्यंत ती विनामूल्य उघडी असते. आम्ही टॅक्सीनें दहाच्या सुमारास तेथें पोंचलों. आईनें बांकावर बसून आधीं चपला काढल्या. समोर टेंबुसूचें एक प्रचंड झाड होतें, बागेपेक्षांही जुनें. त्याची एक फांदी जमिनीला समांतर अशी लांबवर गेली आहे. तेथील पांच डॉलरच्या नोटेवर हेंच झाड छापलेलें आहे. मीं नोट काढून आईच्या हातीं दिली. तिनें ती दोनतीनदां झाडाशीं ताडून पाहिली आणि ‘फांदी बरोबर काढली आहे’ असा अभिप्राय दिला. मग रिडलेविषयीं ती अर्धा तास बोलत होती. मध्यें एकदां तिनें मला प्रश्न विचारला आणि उत्तर चुकल्यावर जुन्या संवयीनें कपाळाला आंठ्या घातल्या. पाणी तिनें भरपूर घेतलें. प्रसाधनगृहांत आम्ही तीनदां गेलों, तीनही वेळां तिनेंच सांगितलें म्हणून. बाराच्या सुमारास ती म्हणाली, ‘चल आतां.’

परत आल्यावर कॉलेजांतल्या एका स्नेह्यांनीं हळहळून म्हटलें, ‘बारा तासांत एकच बाग? आणखी तीन स्थळें सहज झालीं असतीं.’ मीं विचारलें, ‘कोणाचीं?’ ते माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांना माझा प्रश्न खवचट वाटला असावा. पुढच्या मे महिन्यांत ते आपल्या सासूबाईंना घेऊन त्याच वाटेनें निघाले आहेत, आणि त्यांची यादी तयार आहे. नऊ स्थळें. चौथें कोणतें, तें मीं विचारलें नाहीं.

आम्ही दोन वाजतां विमानतळावर परतलों. विमान सुटण्यास अजून सहा तास होते. आईनें गोळ्या घेतल्या, पदर तोंडावर ओढला आणि लांब कोचावर पाय पसरून ती साडेपांचपर्यंत झोपली.