पोट भरलेला उमेदवार

निवडणुका आल्या की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "त्याला पैशाची काय कमी? तो कशाला खाईल?" गावातला मोठा दुकानदार नगरपालिकेला उभा राहिला तरी हेच, आणि उद्योगपती लोकसभेला उभा राहिला तरी हेच. आमच्या नात्यातले एक काका हे वाक्य इतक्या ठामपणे टाकतात की समोरच्याने चहा संपवून उठावं. (काका, तुम्ही हे वाचणार याची कल्पना आहे. फोनवर भांडूच.)

मला हा युक्तिवाद पटत नाही. का पटत नाही ते २०२४ च्या दक्षिण गोव्याच्या निवडणुकीवरून सांगतो.

त्या निवडणुकीत भाजपने पल्लवी धेंपे यांना उमेदवारी दिली. लोकसभेसाठी गोव्यात भाजपने दिलेल्या त्या पहिल्या महिला उमेदवार. धेंपे हे गोव्यातलं जुनं उद्योगघराणं. 'नवप्रभा' आणि 'नवहिंद टाइम्स' ही वर्तमानपत्रं त्यांची. देशाच्या फुटबॉल लीगचं विजेतेपद पाच वेळा पटकावणारा धेंपो क्लब त्यांचा. शाळा-कॉलेजं, जहाजबांधणी, गोवा कार्बन ही कंपनी, असा मोठा पसारा. प्रतिज्ञापत्रात पती-पत्नीची मिळून मालमत्ता १,३०० कोटींच्या वर दाखवली होती, आणि त्या आकड्याची बातमी देशभर झाली. गोव्यात त्या काही परक्या नव्हत्या. अगदी घरचंच नाव.

आता हे चित्र बघा. गोव्यात लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती ७५ लाख रुपये. मोठ्या राज्यांत ती ९५ लाख असते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने १,३०० कोटींवाला उमेदवार आणि बँकेत दोन लाख असलेला उमेदवार एकाच रेषेवर उभे! पण ही मर्यादा फक्त उमेदवाराच्या खर्चाला आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. तेव्हा ती रेषा कागदावरच राहते.

तरीही मतदान झालं आणि ४ जूनला निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस निवडून आले. ते नौदलातले निवृत्त अधिकारी. फरक १३,५३५ मतांचा. २०१४ मध्ये दक्षिण बंगळुरूत इन्फोसिसचे नंदन निलेकणी असेच हरले होते, तेही दोन लाखांहून जास्त मतांनी. २००९ मध्ये दक्षिण मुंबईत बँकर मीरा सन्याल अपक्ष उभ्या राहिल्या, त्याही हरल्या. तेव्हा "पैसेवाला उभा राहिला की निवडून येतोच" हे रडगाणं निदान या तीन ठिकाणी तरी खरं ठरलं नाही.

पण माझा मुद्दा कोण हरलं हा नाहीच. समजा, धेंपेबाई निवडून आल्या असत्या तर?

काका म्हणतील, तर काय, पैसे खाल्ले नसते. मान्य! खाल्ले नसते असंच मीही धरून चालतो. त्यांच्यावर माझा काडीचाही आरोप नाही. पण खासदाराचं काम फक्त "न खाणं" एवढंच आहे का? खासदार दिल्लीत जातो तो कायदे करायला. आयात कशाची किती करायची, कर कशावर किती लावायचा, बंदरांचं काय, वर्तमानपत्रांच्या कागदाचं काय, हे सगळं तिथे ठरतं. गोवा कार्बनचा कच्चा माल म्हणजे पेटकोक. त्याच्या आयातीचे नियम दिल्लीत ठरतात. मग त्या विषयावर बोलायची वेळ आली की खासदाराने मतदारांच्या बाजूने बोलायचं की कंपनीच्या? दोन्हींचं हित एकच असेल तर प्रश्नच नाही. पण नसेल तर? लाच लागत नाही हो तिथे. माणूस प्रामाणिकपणेच आपल्या धंद्याच्या चष्म्यातून बघतो आणि त्याला तेच देशाचं हित वाटतं. मला जास्त भीती या प्रामाणिकपणाची वाटते.

यावर आपल्याकडे नियम काय? मंत्री झालात तर आचारसंहिता सांगते की धंद्याच्या कारभारातून बाहेर पडा. साध्या खासदाराला ते बंधन नाही. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांचं एक रजिस्टर आहे. कुठल्या कंपनीचे पगारी संचालक आहात, नियंत्रण ठेवण्याइतके शेअर्स कुठे आहेत, सल्ल्याचे पैसे कोणाकडून घेता, हे त्यात लिहावं लागतं. लोकसभेत असं रजिस्टर नाही. नियम ३७१ आहे. त्याप्रमाणे एखाद्या सदस्याचा थेट आर्थिक संबंध असेल तर त्याच्या मतावर हरकत घेता येते. पण हरकत घ्यायला आधी तो संबंध कोणाला तरी माहीत असायला हवा ना! ज्या सभागृहात आपण स्वतः मत देऊन माणसं पाठवतो, तिथेच ही वही नसावी, हे मला फार खटकतं.

याचा अर्थ धंदेवाल्याने राजकारणात येऊच नये असं मी म्हणत नाही. उलट यावं. पगार वेळेवर करण्याची चिंता ज्याने केली आहे, अडकलेल्या उधारीसाठी ज्याने चकरा मारल्या आहेत, त्याला अर्थसंकल्पातले आकडे आपल्यापेक्षा वेगळे दिसतात. आणि गोव्याचाच दाखला द्यायचा तर भाऊसाहेब बांदोडकर. स्वतः खाणमालक, आणि १९६३ पासून गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. पैसेवाला माणूस होता म्हणून काही तो पैसेवाल्यांच्या बाजूने बसला नाही. त्यांच्याच कारकिर्दीत १९६४ चा कूळ कायदा आला, गावोगाव शाळा निघाल्या. कुळांच्या बाजूने कायदा करायचा म्हणजे भाटकारांशी वैर घ्यायचं, आणि ते त्यांनी घेतलं.

म्हणजे प्रश्न श्रीमंतीचा नाही. प्रश्न हा, की आपल्याच वर्गाला न आवडणारा निर्णय हा माणूस घेऊ शकेल का? हे पोट किती भरलंय त्यावरून कळत नाही.

म्हणून उद्या आपल्या गावातला कोणी कारखानदार, बिल्डर, पेट्रोल पंपवाला लोकसभेला उभा राहिला आणि हात जोडत दारात आला, तर मी त्याला "तुम्ही खाणार का?" असं विचारणार नाही. कोणी हो म्हणणार आहे का? मी दोनच गोष्टी विचारेन. एक, निवडून आलात तर धंदा कोण बघणार? दोन, कुठल्या विषयावर मतदान असेल तेव्हा तुम्ही उठून बाहेर जाल? दुसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे तयार उत्तर असेल, त्याला मत द्यायला माझी हरकत नाही. तो आपल्या ओळखीचा असो वा नसो, श्रीमंत असो वा कर्जबाजारी.

आणि "आपलाच माणूस आहे हो, त्याला काय विचारायचं?" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन, आपल्या माणसालाच विचारता येतं. दिल्लीहून लादलेल्या परक्याला विचारायला जाणार कुठे?

असो. बरंच लिहिलं. तुमच्या मतदारसंघात असा कोणी उभा राहिला होता का? त्याला तुम्ही काय विचारलं, की काहीच विचारलं नाही? जरूर लिहा. काकांनीही लिहायला हरकत नाही, फक्त "तो कशाला खाईल" हे सोडून.