दोन तपासायची, 123 ची हमी द्यायची

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांच्यामध्ये, पॅसिफिकच्या लाटा जिथे भिंतीला येऊन लागतात तिथे सॅन ओनोफ्रेचं अणुवीज केंद्र आहे. 2012 मध्ये स्टीम जनरेटरची एक नळी गळली आणि पुढच्या वर्षी केंद्र कायमचं बंद झालं. वीज गेली, कचरा राहिला. सुमारे 1,600 टन वापरलेलं इंधन तिथे स्टेनलेस स्टीलच्या 123 पिंपांत भरून काँक्रीटच्या कोठारांत ठेवलंय. पिंपाच्या भिंतीची जाडी साधारण 16 मिलिमीटर आहे.

माझं आयुष्य वेल्डिंगचे जोड तपासण्यात गेलं. अणुवीजेशी माझं वैर नाही. न तपासलेल्या जोडावर मात्र मी कधी सही केली नाही, आणि सॅन ओनोफ्रेत नेमकी तीच सही केली जाते आहे.

या पिंपांच्या देखभालीचा जो कार्यक्रम कॅलिफोर्निया किनारा आयोगाने 2020 मध्ये मंजूर केला तो असा: 2024 पासून दर पाच वर्षांनी दोन पिंपं तपासायची. सोबत इंधन नसलेलं एक चाचणीचं पिंप दर अडीच वर्षांनी बघायचं. दर वेळी नवी दोन घेतली तरी 123 ची एक फेरी व्हायला तीनशेहून जास्त वर्षं लागतील. याला देखरेख म्हणायला मी तयार नाही. साखर कारखान्यातला साधा बॉयलर घ्या. वर्षाच्या आत निरीक्षक येतो, बॉयलर थंड करून उघडायला लावतो, आत शिरून जोड बघतो आणि मगच दाखला देतो. तो बॉयलर फुटला तर कारखान्यातली माणसं दगावतील म्हणून एवढी काळजी. सॅन ओनोफ्रेच्या पन्नास मैलांच्या परिघात लाखो लोक राहतात.

नमुन्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधता येतो, असं केंद्र चालवणारी कंपनी सांगते. एकसारख्या झिजणाऱ्या वस्तूंचा येतो. इथला रोग तसा नाही. खाऱ्या हवेतलं मीठ पिंपावर बसतं, ओल धरतं, आणि वेल्डिंगमुळे जिथे धातूत ताण अडकून राहिलेला असतो तिथे केसाएवढी चीर पडते. वरून स्टील चकाकत असतं, चीर आत शिरत असते. एका पिंपाच्या एकाच जोडावर ती पडेल, शेजारची दहा शाबूत राहतील. अशा रोगाला 123 पैकी दोनचा नमुना चालतो असं म्हणणाऱ्याने कधी तडकलेला स्टेनलेस पाइप हातात धरला नसावा.

यातली सर्वांत वाईट गोष्ट वयाची आहे. नवं भरलेलं पिंप इंधनाच्या उष्णतेने तापलेलं असतं, त्यावर मीठ बसलं तरी कोरडं राहतं. वर्षं जातात तशी आतली उष्णता कमी होते. तापमान पुरेसं उतरलं की तेच मीठ हवेतला दमटपणा ओढून ओलं होतं. म्हणजे सुरुवातीची निर्धोक वर्षं ही पुढच्या वर्षांची ग्वाही होऊच शकत नाही. ‘1986 पासून अमेरिकेत कोरडी साठवण होते आहे, काही झालं नाही’ हे उत्तर दर सभेत तोंडावर फेकलं जातं. आजवर कुठल्या पिंपाला आरपार चीर गेल्याची नोंद नाही, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण बहुतेक पिंपांच्या जोडांकडे भरल्यानंतर कुणी पाहिलेलंच नाही, हेही तितकंच खरं आहे.

पुरावा दूर शोधायला नको. 2009 मध्ये याच सॅन ओनोफ्रेत, आपत्कालीन शीतकरणाच्या स्टेनलेस पाइपांवर बाहेरून चिरा सापडल्या. कारण समुद्राचं क्लोराइड. दक्षिण आफ्रिकेत कोबर्गच्या किनाऱ्यावर पाण्याच्या टाक्या अशाच तडकल्या. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने 2012 मध्ये स्वतःच्या सूचनापत्रात सॅन ओनोफ्रेचं उदाहरण देऊन पिंपांबद्दल सावध केलं. तोच किनारा, तसंच स्टील, तीच हवा. हे सगळं कागदावर असताना दोन पिंपांवर समाधान मानणाऱ्यांना अज्ञानाची सबब नाही.

अडचणी आहेत, मान्य. किरणोत्सर्गामुळे माणूस जवळ जाऊ शकत नाही, हवेच्या फटींतून रोबो सोडावा लागतो. पण तपासायला अवघड, झाकण कायमचं वेल्ड केलेलं, आतल्या हेलियमचा दाब मोजायची सोय नसलेलं पिंप कुणी निवडलं? जर्मनीतल्या कास्टर नावाच्या पिंपाची ओतीव लोखंडाची भिंत याहून कितीतरी पट जाड असते. त्याला दोन झाकणं असतात, आणि त्यांच्यामधल्या हेलियमचा दाब अखंड मोजला जातो. वरचं झाकण गळू लागलं तर त्याच दिवशी कळतं. सॅन ओनोफ्रेत गळती कळेल ती बाहेर किरणोत्सर्ग मोजला गेल्यावर.

आणि कळलं तरी करणार काय? इंधन परत बाहेर काढायचे पाण्याचे हौद पाडायला परवानगी मिळाली आहे. कोरड्या जागी पिंप बदलायची सोय बांधलेली नाही. चिरेवर निकेलचा थर फवारायचा, एवढी तजवीज आहे.

कंपनीच्या शब्दावर विश्वास का ठेवायचा नाही, याचं उत्तर 3 ऑगस्ट 2018 चं आहे. सुमारे 50 टनांचं भरलेलं पिंप कोठारात खाली सोडताना आतल्या कडीवर अडकलं, उचलणारे पट्टे सैल पडले, आणि पाऊण तास ते अठरा फूट उंचीवर तसंच टेकून राहिलं. सुरुवातीला वरच्या कुणालाही पत्ता नव्हता. लोकांना हे समजलं ते तिथल्याच एका सुरक्षा कर्मचाऱ्याने जाहीर सभेत उभं राहून सांगितल्यावर. त्या माणसाचं धाडस नसतं तर ती घटना किती दिवस आत राहिली असती? नियामकाने दंड केला 1,16,000 डॉलर.

मोठा गुन्हेगार वॉशिंग्टनमध्ये आहे. 31 जानेवारी 1998 पासून इंधन ताब्यात घेऊ, असं केंद्र सरकारने कायद्याने बांधून घेतलं होतं. ते पुरण्यासाठी ठरवलेल्या युक्का माउंटनचं काम 2010 च्या सुमारास गुंडाळलं गेलं. वीज कंपन्यांना नुकसानभरपाई करदात्याच्या खिशातून जाते. त्याच पैशातून प्रत्येक पिंपाची तपासणी झाली असती.

हा प्रश्न आपल्याकडेही आहे. तारापूर अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिट अमेरिकी इंधनावर 1969 मध्ये सुरू झाली. ते वापरलेलं इंधन अमेरिकेने परत नेलं नाही, आणि पुनर्प्रक्रियेच्या संमतीचा वाद वर्षानुवर्षं चालला. पालघरच्या किनाऱ्यालाही खारं वारंच लागतं. तिथल्या साठवणीचे तपासणी अहवाल पालघरच्या मच्छीमाराला वाचता येतील अशा मराठीत प्रसिद्ध व्हायला हवेत, आणि हे मागायला आपण कुणाला घाबरायचं कारण नाही.

सॅन ओनोफ्रेच्या साठवणीला किनारा आयोगाने दिलेला परवाना 2035 मध्ये संपतो. मुदतवाढीचा अर्ज येईल. त्या अर्जाला 123 पैकी प्रत्येक पिंपाच्या प्रत्येक जोडाची नोंद जोडलेली असली पाहिजे, आणि पिंप बदलायची सोय त्याआधी उभी राहिलेली असली पाहिजे. यातलं एक जरी नसेल तर आयोगाने तो अर्ज टेबलावर घेऊ नये.