भयपटांचा प्रेक्षक इतका दुबळा आहे काय?

थोड्या भांडवलात, फारशा नावाजलेल्या नसलेल्या नटनट्यांना घेऊन काढलेल्या भयपटाविषयी आपल्या समाजात दोन मते नेहमी तयार असतात. पहिले मत सुशिक्षितांचे. अंधारी हवेली, रक्ताने माखलेला सुरा, किंचाळणारी नायिका आणि शेवटी जळून खाक होणारा सैतान ही सगळी सामग्री म्हणजे त्यांच्या दृष्टीने अभिरुचीचा ऱ्हास होय. असले चित्रपट तरुण मने बिघडवतात, सबब त्यांना आवर घातला पाहिजे. दुसरे मत धंद्याचे. तिकीटबारीवर रांग लागते, त्याअर्थी लोकांना हेच हवे आहे, मग तक्रार कशाची, असा त्यांचा सवाल असतो. ही दोन मते परस्परांविरुद्ध उभी ठाकलेली दिसतात खरी. परंतु एका बाबतीत त्यांचे संपूर्ण एकमत आहे. दोन्ही पक्ष प्रेक्षकाच्या नावाने बोलतात आणि दोघेही प्रेक्षकाला काही विचारीत नाहीत. एक त्याला अजाण बालक मानतो, दुसरा नुसते गिऱ्हाईक. पैसे मोजून अंधारात बसलेल्या माणसाला स्वतःचे काही मत असेल आणि ते ऐकण्याजोगे असेल, ही शक्यता कोणीच जमेस धरीत नाही.

वस्तुतः आपल्याकडील स्वस्त भयपटाचा जन्मच मुळी प्रेक्षकाच्या मतातून झाला. फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेल्या रामसे कुटुंबाने १९७० साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट काढला आणि तो पडला. परंतु चित्रपटगृहात बसून लोकांचे चेहरे पाहणाऱ्या तुलसी आणि श्याम या भावांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा चढवून चोरी करतात, तेवढ्या एका प्रसंगाला प्रेक्षक मनापासून दाद देत होते. त्या दादीचा अर्थ लावून रामसे बंधूंनी १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' काढला. सारे कुटुंब आणि मोजके कलावंत बसमध्ये बसून महाबळेश्वरास गेले, सुमारे चाळीस दिवसांत चित्रीकरण उरकले आणि खर्च साडेतीन लाखांच्या आसपास आला, असे ती मंडळी पुढे सांगत. १९८४ सालचा 'पुराना मंदिर' त्या वर्षीच्या मोठ्या यशस्वी चित्रपटांत गणला गेला. १९८८ साली 'वीराना' आला आणि १९९४ साली 'महाकाल'. बोटांना सुऱ्या लावून मुलामुलींना स्वप्नात गाठणारा त्यातील मारेकरी दहा वर्षांपूर्वीच्या 'ए नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' या अमेरिकन चित्रपटावरून उचललेला होता. एकामागून एक माणसे सुऱ्याला बळी पडतात अशा ज्या चित्रपटांना इंग्रजीत 'स्लॅशर' म्हणतात, त्यांचे हे आपल्याकडचे रूप.

या चित्रपटांचा खरा आश्रयदाता होता तो लहान गावांतील आणि मोठ्या शहरांतील स्वस्त तिकिटांचा प्रेक्षक. नागपूर हे तर या व्यवसायाच्या नकाशावरील जुने ठाणे. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत राज्यकारभारातून केव्हाच गेला. परंतु चित्रपट-वितरणाच्या व्यवहारात 'सी. पी. बेरार' हे नाव टिकून राहिले, आणि सीताबर्डीच्या व्हरायटी चौकास नाव मिळाले तेही चित्रपटगृहावरूनच. अशा शहरात भयपटाचा खेळ सुटल्यावर पानाच्या ठेल्यावर जी चर्चा चाले, तिच्याकडे समीक्षेने कधी लक्ष दिले नाही. मुखवट्याची कड गळ्यापाशी उघडी पडते, जुन्या चित्रपटातले संगीत पुन्हा वापरले आहे, विनोदी नटाची लांबण उगाच लावली आहे, दार करकरते तो प्रसंग मात्र उत्तम साधला आहे, असे तिचे स्वरूप. भीती कोठे खरी वाटली आणि कोठे फसली, याचा हा हिशेब चोख असतो. ज्याच्या खिशाला तिकिटाचा दर जाणवतो, तो मालाची पारख करूनच घेतो. सैतान पडद्यावर येताच पिटातून उठणारा हशा हा भाबडेपणाचा पुरावा नसून, हे सगळे खोटे आहे हे आम्ही जाणतो, असे बजावण्याची ती एक रीत आहे.

मराठी प्रेक्षकाने तर या जाणतेपणाचा ठळक पुरावा दिला आहे. खुनी बाहुल्याचे सूत्र असलेला 'चाइल्ड्स प्ले' १९८८ साली अमेरिकेत निघाला. तेच सूत्र महेश कोठारे यांनी १९९३ साली 'झपाटलेला'मध्ये आणले. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा घाबरगुंडी उडालेला लक्ष्या यांनी मिळून मूळच्या रक्तपाताचे हसण्या-दचकण्याच्या खेळात रूपांतर केले. त्या काळची मुले तात्या विंचूला भ्याली आणि त्याच मुलांनी गल्लीत त्याची नक्कलही केली. आज ती मुले संसारी झाली असून तात्या विंचूचे नाव काढताच त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटते. भीतीशी खेळता येणे हे दुर्बल मनाचे लक्षण खचितच नव्हे.

उलट, प्रेक्षकाच्या वतीने बोलणाऱ्या जाणकारांचा अंदाज कितीदा तरी चुकला आहे. हिचकॉकने १९६० साली दूरदर्शन-मालिकेवरील तंत्रज्ञांना हाताशी धरून थोड्या खर्चात, कृष्णधवल 'सायको' काढला, तेव्हा अनेक समीक्षकांनी नाक मुरडले. लोकांनी मात्र गर्दी केली. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बॉस्ली क्राउदर यांचे पहिले परीक्षण कोमट होते. वर्षअखेर त्यांनीच तो उत्कृष्ट दहा चित्रपटांत घातला. १९८० साली 'फ्रायडे द थर्टीन्थ' प्रदर्शित झाला तेव्हा शिकागोचे समीक्षक जीन सिस्केल यांनी संबंधित उद्योगसमूहाच्या प्रमुखाचा पत्ता छापून वाचकांना निषेधाची पत्रे धाडण्यास सांगितले. चित्रपटाने उदंड पैसा केला आणि त्याची मालिकाच सुरू झाली. चित्रपट चांगला होता असा याचा अर्थ नव्हे. प्रेक्षकाशी वाद न घालता त्याच्या डोक्यावरून फर्मान काढले की ते वाया जाते, एवढाच याचा अर्थ.

ब्रिटनमधील प्रकार याहून बोधप्रद आहे. तेथे १९८०च्या सुमारास घरोघरी व्हिडिओ आले आणि रक्तपाती चित्रपटांनी मुले बिघडल्याची हाकाटी सुरू झाली. शाळकरी मुलांपैकी फार मोठ्या वर्गाने असले चित्रपट पाहिले आहेत असा एक पाहणी-अहवाल पुढे आला आणि १९८४ साली व्हिडिओंवर निर्बंध घालणारा कायदाही झाला. तेव्हा ॲस्टन विद्यापीठातील संशोधकांनी एक साधी युक्ती केली. जे चित्रपट अस्तित्वातच नव्हते, त्यांची नावे त्यांनी अकरा वर्षांच्या मुलांपुढे ठेवली. ६८ टक्के मुलांनी त्यांतले चित्रपट पाहिल्याचे बेधडक सांगितले! वर्गात मान मिळावा म्हणून पोरांनी मारलेल्या बाता मोठ्यांच्या भीतीचा आधार ठरू शकतात, हे यावरून दिसून आले. मत विचारायचे तर ते नीट विचारावे लागते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

प्रेक्षकाला कोणत्या मापाने मोजावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी नागपूरकराला मात्र परदेशी जाण्याचे कारण नाही. हे माप याच शहरातील न्यायासनावरून घालून देण्यात आले आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४६ साली भगवतीचरण शुक्ल यांच्या प्रकरणात असा दंडक सांगितला, की शब्दांचा परिणाम जोखताना विवेकी, खंबीर आणि धीट माणूस डोळ्यांपुढे ठेवावा. डळमळीत मनाचा, प्रत्येक गोष्टीत संकट पाहणारा माणूस नव्हे. बेचाळीस वर्षांनी 'तमस' या मालिकेवर बंदी घालण्याची मागणी झाली, तेव्हा १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच नागपूरचा दंडक स्वीकारून ती मागणी फेटाळली. नागपूरच्याच मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि पुढे येथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले हिदायतुल्ला यांनी सरन्यायाधीश या नात्याने १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात चित्रपटांची पूर्वतपासणी वैध ठरवली, हे खरे. परंतु त्याच निकालात त्यांनी असेही बजावले, की समाजातील सर्वांत अक्षम आणि सर्वांत विकृत माणसाला जपण्याच्या नादात निकोप माणसाने काय पाहावे हे ठरता कामा नये. बड्या कलाकृतींच्या बाबतीत आपण हा दंडक मोठ्या अभिमानाने सांगतो. मग मुखवट्याच्या स्वस्त चित्रपटाला आणि त्याच्या प्रेक्षकाला तो लागू का होऊ नये?

तो लागू केला जात नाही याचे कारण चित्रपटात नसून आपल्या वर्गभावनेत आहे. २०२३ सालचा 'ॲनिमल' रक्तपातात कोणत्याही रामसेपटास हार जाणारा नव्हता. त्याच्यावर टीका झाली, नाही असे नाही. परंतु ती टीका दिग्दर्शकाच्या विचारांवर झाली, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध रकानेच्या रकाने लिहिले गेले. स्वस्त चित्रपटाच्या वाट्याला एवढे भाग्य येत नाही. त्याची चर्चा होत नाही, त्याचा केवळ तिटकारा केला जातो. श्रीमंत चित्रपटाचे रक्त वादाचा विषय ठरते आणि गरीब चित्रपटाचे रक्त नुसती घाण! हा न्याय नव्हे.

अर्थात, प्रेक्षकाचा आदर करणे म्हणजे त्याच्या प्रत्येक आवडीपुढे मान तुकवणे नव्हे. या चित्रपटांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप रक्ताचा नसून बाईचा आहे. कथेला गरज असो वा नसो, नायिकेला न्हाणीघरात नेऊन कॅमेरा तेथे रेंगाळतो. मोकळेपणाने वागणारी मुलगी आधी बळी पडते आणि तिचा मृत्यू अधिक वेळ दाखवला जातो. हा आक्षेप खरा आहे आणि तो ठणकावून मांडलाच पाहिजे. परंतु येथेही प्रेक्षक नेहमी मारेकऱ्याच्याच बाजूने असतो, हे गृहीत धरण्याची घाई नको. अमेरिकेतील प्राध्यापिका कॅरोल क्लोव्हर यांनी १९८७ साली या प्रकारच्या चित्रपटांचा बारकाईने अभ्यास करून दाखवले, की शेवटी एकटी उरून मारेकऱ्याशी झुंजणाऱ्या मुलीशीच तरुण पुरुष प्रेक्षक मनाने एकरूप होतो. हा निष्कर्ष सर्वांना मान्य होईलच असे नाही. परंतु वाद घालायचा तर तो अशा निरीक्षणाच्या पायावर घातला पाहिजे. आणि आमच्याकडे हा वाद व्हायचा तर त्यात स्त्री-प्रेक्षकाचे मत सर्वांआधी आले पाहिजे, जे आजवर जवळजवळ कोणीच नोंदवलेले नाही.

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. एके काळी 'केवळ प्रौढांसाठी' हे प्रमाणपत्र आणि दारावरचा तिकीट फाडणारा माणूस असे दोन पहारे होते. २०२३ सालच्या दुरुस्तीने सज्ञान नसलेल्यांसाठी सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा वयाच्या पायऱ्या कायद्यात आल्या, हे योग्यच झाले. परंतु जो चित्रपट वसतिगृहाच्या खोलीत, पांघरुणाखाली, मोबाइलच्या वीतभर पडद्यावर पाहिला जातो, त्याच्या दारावर पहारेकरी कोण? शिवाय चित्रपटगृहातील तो सामुदायिक हशाही आता उरलेला नाही. शंभर माणसांत बसून पाहिलेली भीती खेळ असते. एकट्याने मध्यरात्री पाहिलेली भीती खेळ राहीलच याची खात्री देता येत नाही. बाहेरचे पहारे असे ढिले पडल्यावर उरतो तो एकच, प्रेक्षकाचा स्वतःचा विवेक. आणि नेमका तोच घडवण्याकडे आपण आजवर दुर्लक्ष केले, कारण तो असू शकतो यावरच आपला विश्वास नव्हता.

तो घडवण्याचे काम कायद्याचे नाही. ते शिक्षकांचे, पालकांचे आणि वृत्तपत्रांचे आहे. महाविद्यालयातील विद्यार्थ्याला कादंबरीचे रसग्रहण लिहायला सांगतात, तसे त्याने स्वतःहून पाहिलेल्या भयपटाचेही लिहायला सांगावे. तू भ्यालास कोठे? हसलास कोठे? कोणाचा मृत्यू लांबवून दाखवला आणि का? ती मुलगी तुझी बहीण असती तर तो प्रसंग तुला तसाच वाटला असता काय? असले चार प्रश्न बंदीच्या चार फतव्यांहून अधिक काम करतील. वृत्तपत्रांनीही अशा चित्रपटास केवळ दोन ओळींच्या कुचेष्टेवर वाटेला न लावता, तो पाहणाऱ्यांची सकारण मते अधूनमधून छापावीत. त्यातून काही उथळ मते येतील, काही बाताही येतील. परंतु ज्याला मत विचारले जाते, तोच हळूहळू मत बनवायला शिकतो. न्यायमूर्ती बोस यांनी जो खंबीर, विवेकी माणूस गृहीत धरला, तो आकाशातून पडत नाही. त्याला तसा मानून वागवले, तरच तो तसा होतो.