फ्रेंच अवघड नाही, आबा

श्रावणातल्या एका रविवारी नातीचा पुण्याहून फोन आला. एरवी ती आधी आजीशी बोलते, मग मला देते म्हणते. त्या दिवशी थेट मलाच मागितलं, तेव्हाच ओळखलं की काहीतरी बिनसलंय. "आबा, फ्रेंच सोडून देऊ का?" दीड महिन्यापूर्वी हीच पोरगी विद्यापीठात फ्रेंचला प्रवेश मिळाला म्हणून घरभर नाचत होती. मी विचारलं, अवघड जातंय का? तर म्हणाली, "फ्रेंच अवघड नाही, आबा. इंग्रजी अवघड जायलंय."

हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हणून आज लिहायला बसलो.

पोरगी आमच्या अंतरवाली सराटीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेली, नंतरचं सगळं शिक्षणही मराठीतून. (आमच्या गावाचं नाव २०२३ च्या उपोषणापासून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं. त्याआधी 'अंबड तालुक्यात, वडीगोद्रीजवळ' असं सांगावं लागायचं.) वर्ग अगदी नवशिक्यांचा. युरोपात २००१ साली भाषा शिकण्याच्या सहा पायऱ्या ठरवल्या, त्यातली पहिली म्हणजे ए-वन. तिथून सुरुवात, म्हणजे शून्यापासून. पण वर्गातली निम्मी मुलं शून्यावर नव्हतीच. शहरात अकरावी-बारावीला मार्क चांगले पडतात म्हणून फ्रेंच घेतात, ती दोन वर्षं पदरात टाकून आलेली. आणि बाई व्याकरण समजावायच्या ते इंग्रजीतून. एक दिवस त्या 'ऑक्झिलरी' म्हणाल्या. हिने उभं राहून विचारलं, ऑक्झिलरी म्हणजे काय? मागे कुणीतरी हसलं. पुढे तिने विचारणंच सोडलं.

ऑक्झिलरी म्हणजे सहायक क्रियापद, दुसरं काय! ते तिला मी ओट्यावर बसवून शिकवलं होतं. कर्तरी, कर्मणी, भावे हे तिन्ही प्रयोग ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. म्हणजे जे ज्ञान तिच्याजवळ होतं, तेच तिला परक्या नावाने विचारलं गेलं आणि ती अडाणी ठरली.

बाईंना मी दोष देत नाही. वर्गात मराठी न येणारी मुलंही असतात, त्यांचाही विचार करावा लागतो. पण मी नातीला म्हणालो, सोडू नकोस, महिनाभर थांब. तुझ्या पुस्तकाची पानं मला व्हॉट्सॲपवर पाठव. दुरेघी वही आणली आणि पंचाहत्तरीकडे झुकलेला हा माणूस 'बोंझूर' गिरवायला लागला.

आता मला काय सापडलं ते सांगतो. मी काही फ्रेंचचा जाणकार नाही, अजून पाचव्या धड्यावर आहे. पण चाळीसेक वर्षं व्याकरण शिकवलेल्या माणसाला काही गोष्टी चटकन दिसतात.

पहिली गोष्ट लिंगाची. फ्रेंचमध्ये निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं. पुस्तक पुल्लिंगी, टेबल स्त्रीलिंगी. इंग्रजीतून विचार करणारा इथेच अडतो. टेबल बाई कशी, असं विचारत बसतो. आमच्या पोरीला हा प्रश्न पडतच नाही. खुर्ची ती, पंखा तो, स्टूल ते, हे ती बोबडं बोलायच्या वयापासून म्हणते आहे. उलट फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, म्हणजे आपल्यापेक्षा एक ओझं कमीच! पाठ करावं लागतं हे खरं. चंद्र तिकडे स्त्रीलिंगी आहे, ते काही केल्या माझ्या पचनी पडत नाही. पण वस्तूला लिंग असतं ही कल्पना नव्याने समजावी लागत नाही. तेच तू आणि तुम्हीचं. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. फ्रेंचमध्ये मित्राला वेगळा, गुरुजींना वेगळा, अगदी आपल्यासारखं. आणि 'ऑं' नावाचं एक सर्वनाम आहे, त्याची फोड करायला इंग्रजीला दमछाक होते. मराठीत बऱ्याच ठिकाणी सरळ 'आपण' म्हणावं, बसतं.

पण खरा आनंद झाला तो भूतकाळात. (वाक्य विचित्र झालं, राहू द्या.) फ्रेंचमध्ये भूतकाळ दोन सहायक क्रियापदांनी होतो, एक 'असणे' आणि दुसरं 'जवळ असणे'. कुठल्या क्रियापदाला कोणतं लागतं याची यादी मुलं घोकत बसतात. मी ती यादी वाचली आणि चमकलो. जाणे, येणे, जन्मणे, मरणे, पडणे, निघणे यांना 'असणे' लागतं. आता मराठीत बघा. ती गेली, ती आली, ती पडली. इथे कर्त्याला 'ने' लागत नाही आणि क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे फिरतं. फ्रेंचमध्येही या यादीतलं क्रियापदाचं रूप कर्त्याप्रमाणे फिरतं. तिने खाल्लं, तिने पाहिलं, तिने लिहिलं, जिथे आपण 'ने' लावतो तिथे त्यांचं 'जवळ असणे' येतं. नियम शंभर टक्के जुळत नाही. हसला, धावला, झोपला यांना आपण 'ने' लावत नाही, पण फ्रेंचमध्ये ती दुसऱ्या घरात जातात. तरी अर्धी यादी तरी आपोआप पाठ होते की नाही?

पुढची गंमत तर थेट कर्मणी प्रयोगाची. तिने निबंध लिहिला, तिने चिठ्ठी लिहिली, तिने पत्र लिहिलं. क्रियापद कर्माच्या मागे जातं. फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आलं की हेच घडतं. 'तिने लिहिलेली चिठ्ठी' अशा धाटणीच्या वाक्यात 'लिहिणे'चं रूप चिठ्ठीप्रमाणे स्त्रीलिंगी होतं, एक्रीचं एक्रीत होतं. चिठ्ठी क्रियापदानंतर आली तर मात्र होत नाही. ज्या तासाला नात रडवेली झाली, तो तास नेमका याच नियमाचा होता! इंग्रजीत अशी काही चाल नाही, म्हणून बाईंना अर्धा तास लागला. मी फोनवर म्हणालो, "अगं, हा आपला कर्मणी प्रयोग आहे, फक्त कर्म आधी यायला पाहिजे." पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "आबा, एवढंच?"

एवढंच.

आकड्यांचंही असंच. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंच बोलणाऱ्यांनी सत्तर आणि नव्वदला सुटसुटीत शब्द ठेवलेत.) वर्गात याची भरपूर थट्टा होते म्हणे. माझी आई शाळेत गेलेली नव्हती. ती शेणी मोजायची त्या विसांवर. एक वीस, दोन विसा, तीन विसा आणि दहा. पाच विसा झाल्या की शंभर. पॅरिसचा माणूस ऐंशीला 'कात्र-व्हँ' म्हणतो, म्हणजे माझ्या आईच्या चार विसा! २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बासष्टऐवजी 'साठ दोन' वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत विषय गेला. तेव्हा मीही जोरात विरोधात होतो. आता वाटतं, जगात मोजायच्या तऱ्हा अनेक आहेत, ज्याची त्याला सवयीची. असो, हा विषय वेगळा.

लिहितात ते उच्चारत नाहीत, ही फ्रेंचची दुसरी बदनामी. अनेकवचनाचा एस लिहायचा, म्हणायचा नाही. माझ्या वयाच्या मराठी माणसाला याचं नवल वाटू नये. आम्ही पहिलीला 'नाहीं', 'कां', 'घरांत', 'त्यानें' असं लिहायला शिकलो. त्यातले कितीतरी अनुस्वार कुणी उच्चारत नव्हतं. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि ते गेले. मी तेव्हा पाचवीत. जुने शिक्षक हळहळले होते. फ्रेंचांनीही १९९० मध्ये थोडी सुधारणा केली, काही अक्षरांवरची टोपी ऐच्छिक केली. २०१६ साली ती शाळेच्या पुस्तकांत दिसू लागताच तिकडेही आरडाओरड झाली. नातीला मी कपाटातलं एक जुनं पुस्तक दाखवलं आणि म्हटलं, हे बघ, आपल्याकडेही न बोलणारी अक्षरं होती.

जिथे मराठी कामाला येत नाही, तेही सांगायला हवं. तोंडाचा आकार 'ऊ'चा करायचा आणि म्हणायचं 'ई', असा एक स्वर आहे. माझ्या कवळीला तो झेपत नाही. आणि 'र'. तो जिभेच्या टोकाने नाही, घशातून काढायचा. नात महिनाभर खाकरत होती. मला मात्र वडील आठवले. ते 'ग़रीब' म्हणताना जो ग़ काढायचे तो या 'र'च्या अगदी शेजारचा. तिला म्हटलं, पणजोबांसारखा ग़ काढ. जवळपास जमला.

वडिलांचा ग़ कुठून आला, ती गोष्ट याच विषयातली आहे. निजामाच्या राज्यात थोडं मराठी झालं की पुढचं शिक्षण उर्दूतून. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं तेच मुळी उर्दू माध्यमाचं. (देशी भाषेतून उच्च शिक्षण देता येतं हे त्यांनी दाखवलं, याचं श्रेय द्यायला हवं. फक्त ती भाषा आमची नव्हती.) वडील दोन वर्षं उर्दू शाळेत बसले आणि परत शेतात आले. म्हणायचे, "गणित येत होतं, सवाल काय विचारलाय तेच कळत नव्हतं." नातीचं वाक्य ऐकलं तेव्हा मला हेच ऐकू आलं. मधे १७ सप्टेंबर १९४८ होऊन गेला, मराठवाडा विद्यापीठ झालं, मी मराठीतून बी.ए. झालो, आणि घरातली चौथी पिढी पुन्हा त्याच उंबऱ्याशी अडली.

कुणी म्हणेल, फ्रेंच आणि मराठीचा काय संबंध, मध्ये इंग्रजी लागणारच. का म्हणून? मराठी भाषा कशी घडली यावरचा पायाभूत ग्रंथ एका फ्रेंच माणसाने, झ्यूल ब्लॉकने, फ्रेंचमध्येच लिहिला. वासुदेव गोपाळ परांजप्यांनी तो १९४१ साली मराठीत आणला. भाषाविज्ञान सोप्या मराठीत सांगणारे ना. गो. कालेलकर पॅरिसला शिकलेले. गी द्लरी नावाच्या पाद्र्याने तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, ते पुस्तक १९५६ साली पॅरिसला निघालं. आणि गी प्वातव्हँ १९७२ च्या सुमारास पुण्यात स्थायिक झाले ते कायमचे. त्यांनी हेमा राईरकरांबरोबर खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. ओवी सांगणाऱ्या बाईपाशी इंग्रजी कुठून असणार? त्याच्याही मागे जा. पेशवाईच्या कागदांत बुसीला 'मुसा बुसी' म्हटलेलं आढळतं. तो मुसा म्हणजे 'मस्यो', आपलं श्रीयुत. कानाने ऐकलं आणि मोडीत उतरवलं.

माझं मागणं फार मोठं नाही. फ्रेंच फ्रेंचमधूनच शिकवावी हे मला मान्य आहे, मीही मुलांना मराठी मराठीतूनच शिकवली. पण समजावण्यासाठी दुसरी भाषा घ्यावीच लागते, आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठात ती फक्त इंग्रजीच का असावी? आठवड्यात एक तास मराठीतून व्याकरणाचा ठेवा, ज्याला हवा तो बसेल. पन्नास-साठ पानांची एक पुस्तिका काढा, 'मराठी येणाऱ्यांसाठी फ्रेंच', त्यात हे 'ने'चं, कर्मणीचं, विसांचं सगळं येऊ द्या. फ्रेंच उत्तम येणारे मराठी प्राध्यापक आपल्याकडे आहेत, हे काम त्यांना अवघड नाही. आणि नवशिक्यांच्या वर्गात खरोखरच नवशिके बसवा. दोन वर्षं शिकून आलेल्यांना वरच्या पायरीवर पाठवा, त्यांचंही भलं होईल. शहरातल्या मुलाला आठवीपासून परदेशी भाषेची संधी मिळते. खेड्यातल्या मुलीला ती पहिल्यांदा मिळते विद्यापीठातच. तिथेही आधी इंग्रजीची परीक्षा द्यायची असेल, तर 'प्रवेशासाठी पूर्वज्ञानाची अट नाही' हे वाक्य माहितीपत्रकातून काढून टाकावं.

नातीने फ्रेंच सोडलेलं नाही. पहिल्या चाचणीत वीसपैकी अकरा मिळाले. हसणारा मुलगा आता तिच्याकडे 'असणे'वाली यादी मागतो. परवा रात्री तिने माझीच परीक्षा घेतली, ब्याण्णव कसं म्हणायचं? मी आईच्या शेण्या डोळ्यांपुढे आणल्या, चार विसा आणि बारा. "कात्र-व्हँ-दूझ." "र चुकला, आबा," म्हणाली. सहाव्या धड्याची पानं अजून तिने पाठवलेली नाहीत.