असुर, ऑर्क आणि शत्रुराष्ट्र : गेममधली लढाई आणि आपली युद्धाबद्दलची मते

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, तेव्हा चार दिवस आपल्या वस्त्यांमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे व्हिडिओ फिरत होते त्यातले कित्येक युद्धाचे नव्हतेच. ते 'आर्मा ३' नावाच्या व्हिडिओ गेममधले होते. विमान पडते, क्षेपणास्त्र सुटते, स्फोट होतो आणि खाली 'जय हिंद'. युक्रेनच्या युद्धात हेच झाले होते, गाझाच्या वेळीही झाले. त्या गेमच्या कंपनीला २०२२ मध्येच जाहीर करावे लागले होते की आमच्या गेममधली दृश्ये खऱ्या युद्धाची म्हणून दाखवली जात आहेत. पाकिस्तान सरकारच्या अधिकृत खात्यावरूनही अशीच क्लिप टाकली गेली. आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्यांनी त्याच दिवसांत कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचे सांगून टाकले. ते खोटे होते.

आम्ही आंबिवली, मोहने, अटाळी या भागात तरुणांमध्ये काम करतो. आमच्यासमोरचा प्रश्न 'मुले फसली कशी' हा नाही. फसवणूक मोठमोठ्या संपादकांचीही झाली, किंवा त्यांनी ती जाणूनबुजून केली. आमचा प्रश्न असा की, गेम आणि युद्ध यांच्यातला फरक इतक्या सहज पुसला कसा गेला? आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जगाच्या राजकारणाबद्दल बोलण्याची जी भाषा आज आपल्या पोरांच्या तोंडी आहे, ती काल्पनिक लढाईच्या खेळांच्या साच्यात ओतलेली आहे. आणि तो साचा आपल्याला फार जुन्या काळापासून ओळखीचा आहे. त्याचे नाव जन्मावरून माणूस ठरवणे.

आधी एक गैरसमज दूर करू

गेम खेळून पोरगा खुनी होतो, मोबाईल फोडून टाका, असले काही आम्ही म्हणत नाही. ज्या मोहन्यात एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली आणि कामगारांना हक्काच्या थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, तिथल्या मुलाला संध्याकाळी परवडणारी करमणूक म्हणजे हातातला मोबाईल आणि दिवसाचा दीड जीबी डेटा. त्याच्याकडे ना मैदान, ना क्लबचे सभासदत्व. त्याला नावे ठेवणाऱ्यांनी आधी त्याला मैदान द्यावे. शिवाय गेम ही आजची कथा सांगण्याची पद्धत आहे. कीर्तन, तमाशा, सिनेमा यांची चिकित्सा आपण करतो, मग गेमची का नको?

जन्माने दुष्ट

काल्पनिक भूमिका-खेळांचा, म्हणजे ज्यांना पोरे आरपीजी म्हणतात त्यांचा, मूळ साचा १९७४ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-फाशांच्या खेळाने घालून दिला. हेल्थ पॉइंट, एक्सपी, लेव्हल, क्लास हे आज मोबाईलवर दिसणारे शब्द याच खेळाने रुजवले. त्यात एक रकाना होता, 'रेस'. तुम्ही एल्फ जन्मलात तर चपळ, ड्वार्फ जन्मलात तर चिवट. आणि ऑर्क जन्मलात तर दुष्ट. ऑर्कला का मारायचे? कारण तो ऑर्क आहे. त्याने काय केले हे विचारायची गरज नाही.

वाचकहो, हे वाचताना काही आठवले का? गुण आणि कर्म जन्मावर ठरतात, हा सिद्धांत आपल्याला कोणत्या पुस्तकाने शिकवला आणि ते पुस्तक बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला का जाळले, हे नव्याने सांगायला नको.

विशेष म्हणजे ही गोष्ट खुद्द त्या खेळाच्या कंपनीला उमजली. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कंपनीने जाहीर केले की संपूर्ण जमातच दुष्ट दाखवण्याची आमची पद्धत बदलू. पुढे 'रेस' हा शब्दही काढला आणि २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात त्या जागी 'स्पीशीज' आला. शब्द बदलला म्हणजे सगळे बदलले असे नाही. पण काळ्यांच्या चळवळीने एका खेळाच्या नियमावलीला जाब विचारला, ही गोष्ट साधी नाही.

आता आपल्या दारात पाहू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम आणला. मेहनत मोठी, चित्रकला देखणी. जगभर त्याचे कौतुक झाले, पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये नामांकनही मिळाले. नायिका कोण, तर खेळ करून पोट भरणाऱ्या फिरत्या मंडळींतली मुलगी. राजकन्या नाही, सेनापतीची लेक नाही. याचे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो. पण तिच्या हातात त्रिशूळ देऊन तिला मारायला कोणाला सांगितले आहे? असुरांना. हजार वर्षांपूर्वी देवांकडून हरलेले असुर सूड घ्यायला परत आले आहेत, एवढेच कारण. ते हरले का, त्यांचे काय हिसकावले गेले, हे विचारण्याचे बटण त्या गेममध्ये नाही.

दीडशे वर्षांपूर्वी, १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त नेमके हे बटण दाबले होते. दैत्य, राक्षस, असुर ही नावे जिंकणाऱ्याने हरलेल्याला दिली आहेत, हे त्यांनी शेतकऱ्याच्या भाषेत सांगितले. दिवाळीला बळीचे राज्य मागणाऱ्या आपल्या आयाबायांना ते आधीच ठाऊक होते. ज्या वामनाने बळीला पाताळात घातले तो त्यांचा देव नव्हता.

उलटा डाव खेळणे म्हणजे मुक्ती नव्हे

इथे आपल्याच काही कार्यकर्त्यांशी आमचा मतभेद आहे, तो लपवत नाही. काहींना वाटते, आपण फक्त बाजू बदलावी. असुर नायक, देव खलनायक. आपले रक्त मूलनिवासी, त्यांचे रक्त परकीय, बस्स. असा गेम कोणी काढला तर शिट्ट्या पडतील. पण तो गेम तोच असेल, फक्त ऑर्कचे तोंड बदललेले.

बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धांत पुराव्यानिशी नाकारला. का नाकारला? त्यांना ब्राह्मणशाहीला वाचवायचे होते का? मुळीच नाही. जातीचा पाया रक्तात शोधला तर जात कधीच मोडता येणार नाही, हे त्यांना कळत होते. शत्रू रक्तात असेल तर त्याला मारावे लागते. शत्रू व्यवस्थेत असेल तर ती बदलता येते. आपली लढाई ब्राह्मण्याशी आहे, कोणाच्या जन्माशी नाही. हा फरक सोडला की आपणही शत्रूला रंग लावून गोळ्या झाडणाऱ्या रांगेत उभे राहतो.

मेलेल्यांचा स्कोअर

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ जणांना मारले. त्यातले तिघे आपल्या शेजारच्या डोंबिवलीचे होते. पर्यटकांना धर्म विचारून गोळ्या घालणारे तरी काय करत होते? समोरच्याने काय केले हे न पाहता तो कोण जन्मला ते पाहून मारत होते. त्यांचा निषेध करताना आपल्या मनात कोणतीही पळवाट नसावी.

पण त्यानंतर आमच्या भागातल्या मुलांच्या बोलण्यात काय आले? 'किती उडवले?' 'आपली पॉवर किती, त्यांची किती?' 'एक बॉम्ब, मॅच खतम.' देश म्हणजे एक पात्र, त्याच्या डोक्यावर हिरवी पट्टी, ती शून्यावर आणली की जिंकलो. त्या पट्टीच्या मागे सीमेवरच्या पूंछमध्ये तोफगोळ्यांनी मेलेली आपलीच माणसे आहेत, हे त्या हिशेबात कुठेच येत नव्हते. गाझाबद्दल बोलतानाही तेच. मेलेल्या लेकरांचा आकडा ऐकून एखादा हसणारा इमोजी टाकतो, कारण त्याच्या लेखी ती 'त्यांची' लेकरे आहेत. आणि हाच मुलगा ऑनलाइन खेळताना आडनाव कळल्यावर समोरून जातीवरून शिवी ऐकतो, तेव्हा त्याच्या अंगाची लाही होते. भावा, ती शिवी आणि तो इमोजी एकाच कारखान्यातला माल आहे.

आणखी एक गोष्ट गेम लपवतो. गेममध्ये तू नेहमी कंट्रोलर धरलेला असतोस. खऱ्या युद्धात आपल्या वस्तीतला मुलगा कंट्रोलर धरत नाही, तो पडद्यावरचे प्यादे असतो. अमेरिकेच्या लष्कराने २००२ मध्ये 'अमेरिकाज आर्मी' नावाचा गेम फुकट वाटला, तो भरतीसाठी. आपल्याकडे २०२२ मध्ये अग्निपथ आली. चार वर्षे नोकरी, त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम. पहाटे रस्त्यावर धावणारी मुले कोणाची, आणि स्टुडिओत बसून युद्ध मागणाऱ्यांची मुले कुठे, एवढे मोजले तरी पुरे.

मग आपण लढवय्ये नाही का?

हा प्रश्न हमखास येतो. भीमा-कोरेगाव येते, महार रेजिमेंट येते. अभिमान आम्हालाही आहे. पण १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले ते किती मुडदे पाडले हे मोजायला नव्हे. ज्यांना अस्पृश्य म्हणून लष्कराचे दार बंद केले गेले, त्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत, हे दाखवायला गेले. तो मुद्दा माणूसपणाचा होता.

आणि बाबासाहेब सरसकट युद्धविरोधीही नव्हते. नाझीवाद जिंकला तर समता आणि स्वातंत्र्य दोन्ही संपतील, म्हणून दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बाजू घेतली, आणि मजूरमंत्री असताना भारतीय कामगाराने ते युद्ध का जिंकले पाहिजे हे रेडिओवरून समजावून सांगितले. १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी परराष्ट्र धोरणावर टीका केली, ती आकडे देऊन : ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात. १९५४ मध्ये राज्यसभेत त्यांनी तिबेट आणि चीनशी केलेल्या पंचशील करारावर सरकारला जाब विचारला. त्यांच्या प्रत्येक मतामागे प्रश्न दिसतात. कोण लढते? कशासाठी? पैसा कोणाचा? नंतर काय उरते? जागतिक घडामोडींवर मत असावे तर असे असावे.

अंगुलिमालाची पट्टी शून्य झाली नाही

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचे भांडण होते. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. तरुण सिद्धार्थ उभा राहून म्हणतो, दोन माणसे आपली, दोन त्यांची, हे चौघे मिळून पाचवा निवडतील आणि पाच जण वाद मिटवतील. बहुमताने त्याचा प्रस्ताव पडतो. तो सैन्यात जायला नकार देतो आणि त्यासाठी घर सोडतो. बाबासाहेबांनी म्हातारा-रोगी-प्रेत ही प्रचलित कथा बाजूला ठेवून गृहत्यागाचे हे कारण दिले. आपल्या धम्माची सुरुवातच एका युद्धविरोधी मतापासून होते, हे किती जणांच्या ध्यानात आहे?

त्याच ग्रंथात अंगुलिमाल आहे. कोणत्याही गेममध्ये तो शेवटचा बॉस असता. बुद्ध त्याला शस्त्राशिवाय थांबवतो आणि राजा प्रसेनजित घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघतो, तेव्हा तो भिक्खू होऊन शेजारी बसलेला असतो. बुद्धाने त्याचा जन्म पाहिला नाही, तो बदलू शकतो का हे पाहिले.

असा गेम होऊ शकत नाही असे कोणी म्हणू नये. २०१५ च्या 'अंडरटेल'मध्ये समोरच्या प्रत्येक राक्षसाला न मारता पुढे जाता येते, आणि शेवटी कळते की एक्सपी म्हणजे तुम्ही केलेल्या हत्यांचे गुण. पोलंडमधला 'धिस वॉर ऑफ माइन' तर सैनिकाच्या नव्हे, वेढलेल्या शहरातल्या उपाशी नागरिकांच्या बाजूने युद्ध दाखवतो. तो तिथल्या शाळांच्या वाचनयादीतही आला.

आणि आपल्याकडे बुद्धाचे काय केले? १८ मे १९७४ रोजी अणुस्फोट केला आणि त्याला 'बुद्ध हसला' असे सांकेतिक नाव जोडले गेले. ११ मे १९९८ ला तर बुद्धपौर्णिमाच होती. आपण दोन्ही वेळा पुरेसे विचारले नाही की आमचा बुद्ध बॉम्बवर का हसेल?

आता काय करायचे

मित्रांनो, गेम बंद करा असा फतवा आम्ही काढत नाही. तीन कामे सांगतो. एक, प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत पोरांनी आपला आवडता गेम सगळ्यांसमोर मांडावा आणि चर्चा व्हावी : यात शत्रू कोण, तो शत्रू का, कथा कोण सांगतो? दोन, युद्धाचा कोणताही व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तो कुठला, कधीचा, कोणी टाकला हे तपासावे. न कळल्यास पाठवू नये. तीन, ज्यांना कोडिंग, चित्रकला, संगीत येते त्यांनी आपले गेम करावेत. चवदार तळ्याचा सत्याग्रह हा गेम झाला तर त्यात जिंकायला कोणाला मारावे लागणार नाही. पाणी प्यावे लागेल, आणि ते पाणी पिण्याची किंमत काय होती ते प्रत्येक पावलाला कळेल.

आपण ज्यांना जन्मावरून शत्रू ठरवले गेले त्यांची पोरे आहोत. निदान आपल्या बोटांनी तरी कोणाला जन्मावरून शत्रू ठरवू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!